कैचीचं पाणी

सलूनमधे येणारा माणूस खुर्ची बघतो, एसी आहे का बघतो, आरशाभोवती किती लाईट लावलेत ते बघतो, आणि आता तर पोरं मागची भिंत रीलमधे कशी दिसेल ते पण बघतात. कैचीकडे कुणाचं लक्ष नसतं. ते जातं फक्त मानेजवळचा केस ओढला जाऊन माणूस खांदा आकसतो तेव्हा, आणि आमच्याकडचा जुना माणूस असला तर नुसता आकसत नाही, सरळ विचारतो, "केस कापी ऱ्हायना का उपटी ऱ्हायना रे भो?" की बाकावरचे सगळे मोबाईलमधून डोकं वर काढून हसायला मोकळे.

मी नंदुरबारला सलून चालवतो. नवीन दुकान टाकणारी पोरं बऱ्याचदा विचारायला येतात, दादा कैची कोणती घेऊ, जपानी घेऊ का जर्मन, साडेपाच इंची का सहा इंची. घेतल्यावर ती सांभाळायची कशी हे मात्र कुणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं की त्यात काय, बोथट झाली की धार लावून आणू. आणि इथेच माझं म्हणणं जरा उलटं पडतं. इतकी वर्षं कैच्या हाताळून मला जे दिसलं ते असं की कैची केस कापून जेवढी झिजत नाही तेवढी धार लावून लावून झिजते, आणि चुकीच्या हातात गेली तर एका बसणीत कामातून जाते. धार लावणं ही शेवटची गोष्ट आहे, आधी तपासायच्या चार गोष्टी असतात आणि त्यांना फारसा खर्च नाही.

पण आधी कैची म्हणजे आहे काय ते बघू, कारण रोज हातात असणाऱ्यांना पण हे माहीत नसतं. चांगली कैची बंद करा आणि ट्यूबलाईटसमोर आडवी धरून कडेने बघा. दोन्ही पाती एकमेकांना पूर्ण चिकटलेली दिसणार नाहीत. स्क्रूपाशी टेकलेली, टोकाला टेकलेली आणि मधे बारीक फट, तिच्यातून उजेड येतो. एक पोरगा नवी कोरी कैची घेऊन 'वाकडी निघाली' म्हणून दुकानदाराशी भांडायला निघाला होता, त्याला मी दारातून परत बसवला. तो बाक मुद्दाम दिलेला असतो. कैची मिटत जाते तेव्हा दोन धारा एका वेळेला एकाच ठिकाणी भेटतात आणि ती भेटायची जागा स्क्रूकडून टोकाकडे सरकत जाते, कापायचं सगळं काम त्या एका ठिपक्यावर चालतं, बाकी पातं मोकळं असतं म्हणून घासत नाही. शिवाय पात्याची आतली बाजू सपाट नसते, किंचित खोलगट असते, आणि फक्त धारेला लागून एक बारीक चकाकणारी रेघ स्क्रूपासून टोकापर्यंत गेलेली असते. दोन्ही पात्यांच्या त्या रेघाच एकमेकींवर फिरतात. ही रेघ आणि तो बाक, कैचीचा सगळा जीव या दोन गोष्टींत आहे, आणि आपण धारवाल्याकडे कैची देतो तेव्हा तो नेमका या दोन गोष्टींना हात लावतो.

आमच्या घरात हा धंदा जुना. आजोबा खेड्यावर बलुत्याचं काम करायचे, वर्षाला खळ्यावरून ज्वारी यायची, आणि त्यांच्या धोकटीत वस्तरा, नखं काढायची नराणी, चिमटा, फणी, हातातला आरसा, दगड आणि चामड्याचा पट्टा असायचा. खरा मान वस्तऱ्याला. तो रोज दगडावर आणि पट्ट्यावर जायचा, कैची त्यामानाने दुय्यम, डोक्याचा गोटा करणारी माणसंच जास्त. आबा, म्हणजे माझे वडील, गावातून नंदुरबारला आले, खुर्ची टाकली आणि मग कैचीचे दिवस आले. त्यांच्याकडे मीरतची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मेरठची, कैची होती. मीरतला कैच्यांचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, जुन्या गाड्यांच्या कमानपाट्यांचं भंगार पोलाद तापवून ठोकून तिथे कैच्या बनतात, २०१३ साली मीरतच्या कैचीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. आबांच्या काळात हे मानांकन वगैरे काही नव्हतं, ते आपले हातात घेऊन दोनदा कचकच वाजवून पारखायचे.

तेव्हा सायकलवर धारवाला यायचा. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचं, पट्ट्याने वरचा दगड फिरायचा आणि ठिणग्या उडायच्या. आम्ही पोरं ठिणग्या बघायला जमायचो. गल्लीतल्या बाया विळ्या आणायच्या, मटणवाला सुरे आणायचा, समोरचा टेलर त्याची मोठी कैची द्यायचा. आबा कधीच नाही द्यायचे. धारवाला ओळखीचा झाला होता, चहा प्यायला आमच्याच पायरीवर बसायचा, पण कैचीकडे हात केला की आबा म्हणायचे, "हाई केसनी कैची शे, हिले हात लावू नको, तू चहा पी." आणि त्याला पण त्याचं वाईट वाटायचं नाही.

ते दोघं बरोबर होते. विळीला आणि सुऱ्याला खरबरीत धार चालते, उलट चांगलीच, टमाट्याच्या सालीला ती दातरी धार पटकन पकडते. केसाचं तसं नाही. केस म्हणजे साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाडीची गोष्ट, गोल आणि गुळगुळीत, धार किंचित जरी मागे हटली तरी तो कापला न जाता पात्यावरून पुढे घसरतो नाहीतर दोन पात्यांमधे दुमडून बसतो. दुमडला की ओढला जातो, आणि मग ते "उपटी ऱ्हायना का".

आता ज्या कैच्या येतात त्यांच्यात दोन जाती मुख्य. एक बेव्हल धारेची, जर्मनीतल्या सोलिंगेन शहराच्या घराण्याची. हिच्या धारेला बाहेरून सरळ उतार असतो आणि बऱ्याचदा एका पात्यावर इतके बारीक दाते असतात की डोळ्याला दिसत नाहीत, नखाला कळतात. ते दाते केसाला धरून ठेवतात, फणीवर कैची चालवायला, म्हणजे आपलं रोजचं जेन्ट्स कटिंग, त्याला ही मस्त. दुसरी कॉन्व्हेक्स, जपानी पद्धतीची. हिचं पातं बाहेरून फुगीर, कुठेही कोपरा नाही, फुगवटा उतरत उतरत थेट धारेत संपतो. ही लोण्यातून गेल्यागत जाते, केसावरून सरकवत कापायचं असेल तर हीच लागते, बेव्हलवाली तिथे अडकते आणि लेडीज कस्टमर असेल तर मग बघायलाच नको.

माझ्या शेजारच्या लाईनीतल्या एका दुकानदाराने अशीच एक कॉन्व्हेक्स घेतली. महिन्याच्या दुकानभाड्यापेक्षा महाग. वर्षभराने जरा ओढायला लागली तर रस्त्यावरच्या मशिनवाल्याला देऊन आला, पन्नास रुपयात काम. परत आली तेव्हा चमकत होती, त्याने माझ्यासमोर कागद कापून दाखवला, सर्रकन गेला. मी म्हटलं भाऊ कागद कशाला कापतोस, ओला टिश्यू पेपर काप. त्याने कापला आणि टोकाकडच्या भागात टिश्यू गोळा होऊन पात्यात अडकला. कागद कुठल्याही धारेने कापला जातो, त्याच्यावरून केसाच्या कैचीचं काही कळत नाही, उलट कागदाने धार उतरते. मग भिंगाखाली बघितलं तर बाहेरच्या फुगवट्यावर सरळ पट्टा पडलेला, आणि आतल्या बाजूला भुर (धार लावताना कडेला उठतो तो बारीक पापुद्रा) काढायला म्हणून चाकावर टेकवलेलं पातं, म्हणजे ती बारीक रेघ गायब, तिच्या जागी बोटभर रुंद ओरखड्यांचं मैदान. टोकापाशी एक निळसर डाग पण होता.

त्या निळ्या डागाची गोष्ट सांगायला पाहिजे. लोहाराकडे विळा करायला दिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पोलादाला पाणी द्यावं लागतं. लालबुंद तापवून एकदम गार केलं की ते कडक होतं, पण ठिसूळ पण होतं, म्हणून परत हलक्या आचेवर धरून त्याचा ताठा थोडा कमी करायचा. केसाच्या कैचीला ४४०सी नावाचं जे पोलाद बऱ्याचदा वापरतात त्यात कार्बन साधारण एक टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के, पाणी दिल्यावर ते रॉकवेलच्या मापाने ५८-६० पर्यंत कडक होतं. हे सगळं कारखान्यात मोजूनमापून केलेलं असतं. आता कोरडं चाक जोरात फिरतंय आणि त्यावर धार टेकवली, धारेची कड तर कागदापेक्षा पातळ, तिथली उष्णता पळणार कुठे. क्षणात तापते, निळी पडते, पाणी उतरतं. तेवढा डाग सोडला तर बाहेरून पातं तसंच दिसतं, धार पण लागलेली असते, पण ती मऊ पोलादावरची धार, दोन-चार दिवसात बसते. मग माणूस म्हणतो कैची डुप्लिकेट निघाली. पाणी उतरलेली कड घासून काढून खालचं कडक पोलाद वर आणता येतं, तेवढी कैची मात्र खर्ची पडते.

पण मग चांगली ठेवलेली कैची बोथट होतेच कशाने, केस तर मऊ असतो? हा प्रश्न मला कायम पडायचा. २०२० मधे अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी याच्यावर 'सायन्स' मासिकात शोधनिबंध छापला, केम तासान आणि जियानलुका रोसिओली ही त्यातली दोन नावं. त्यातल्या रोसिओलीने स्वतःचीच दाढी करून करून ब्लेड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पोलाद केसापेक्षा पन्नासेक पटीने कडक, तरी धारेचे बारीक टवके उडालेले दिसले. कारण त्यांनी असं काढलं की केस जेव्हा एका बाजूने मोकळा असतो आणि वाकतो तेव्हा धारेवर तिरका जोर येतो, आणि पोलादात आतून जिथे जिथे एकसारखेपणा नसतो, जरा कच्ची जागा असते, नेमकी तिथली कड तुटते. म्हणजे धार नुसती झिजत नाही, तुटते. ते वाचून मला आबांच्या एका सवयीचा उलगडा झाला. ते केस चांगले ओले करून, फणीत ताठ धरूनच कापायचे, घाईचं गिऱ्हाईक असलं तरी. ओला केस नरम पडतो आणि ताणून धरलेला केस वाकत नाही. तो प्रयोग ब्लेडचा होता, कैचीचा नाही हे मला कळतं, पण वाकलेला केस धारेचा वैरी हे आमच्या धंद्यात पण पटण्यासारखं आहे.

आणि आमच्या भागात नुसते केस थोडेच कापायचे असतात. तापीच्या पट्ट्यातून रेतीच्या ट्रॅक्टरवर काम करणारी पोरं येतात, डोक्यात बोटं घातली तर कचकच लागते. रेतीचा कण कैचीच्या पोलादाहून कडक, एक कण दोन धारांच्या मधे आला की खाच पडलीच समजा. हिवाळ्यात मिरची वाळवायच्या पथारीवरची माणसं येतात, गावाबाहेर मैदानंच्या मैदानं लाल झालेली असतात तेव्हा, आणि त्यांच्या केसातून इतकी मिरची उडते की कापणारा, कापून घेणारा आणि बाकावरचा, तिघं शिंकत असतात. मिरचीने धार जात नाही म्हणा, पण ती स्क्रूच्या आत जाऊन बसते. सुकलेल्या मेंदीची भुकटी पण तशीच. म्हणून माझ्याकडे नियम आहे, डोकं धुळीचं असलं की आधी बेसिनवर, धुण्याचे पैसे नाही घेत मी त्याचे, आणि माणूस धुवायला नाही म्हणाला तर जुन्या बेव्हल कैचीने नाहीतर ट्रिमरने काम. महागाची कैची धुतलेल्या केसालाच लागते. काही लोकांना याचा राग येतो, येऊ दे.

त्या चार गोष्टींतली सगळ्यात मोठी म्हणजे टेन्शन. स्क्रू किती आवळलेला आहे तो. माझ्याकडे 'धार गेली' म्हणून ज्या कैच्या दाखवायला येतात त्यातल्या बऱ्याचशांची धार गेलेलीच नसते, स्क्रू ढिला असतो. स्क्रू ढिला म्हणजे पाती एकमेकांपासून सुटतात, केसाला मधे जागा मिळते, तो दुमडतो, आणि माणूस नकळत अंगठ्याने पाती एकमेकांवर दाबायला लागतो. दाबलं की तेवढ्यापुरतं कापतं पण रेघ रेघेवर खरखरून घासते, आणि संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो तो वेगळाच. या धंद्यात मनगटं आणि अंगठे गेलेली किती माणसं आहेत, त्यातले निम्मे तरी मला वाटतं स्क्रूमुळे असतील. उलट फार आवळला तर प्रत्येक कापाला हात दुप्पट जोर लावतो आणि धार स्वतःलाच खाते.

तपासायची रीत अगदी सोपी. बोटाची रिंग एका हातात धरायची, टोक वरच्या बाजूला, दुसऱ्या हाताने अंगठ्याची रिंग उचलून कैचीचा काटकोन करायचा आणि सोडून द्यायचं. पातं थोडं खाली येऊन मधेच कुठेतरी थांबलं तर बरोबर. थेट खाली येऊन टक्कन मिटलं तर ढिली. जिथे सोडलं तिथेच लटकून राहिलं तर टाईट. हे रोज सकाळी दुकान उघडल्यावर करायचं, केसाचा बारीक कचरा आत गेला तरी टेन्शन बदलतं, आणि स्क्रू फिरवायचा तर थोडा थोडा, एका दमात अर्धा आटा नाही. टोकाचा खडखडाट तपासायला पातं किंचित उघडून वरखाली हलवून बघायचं, हलत असलं तर धारवाल्याचा खर्च वाचला.

आमच्याकडे एक डावखुरा पोरगा कामाला होता. हात भारी, पण कुठलीही कैची दिली की दोन दिवसात म्हणायचा ही कापत नाही. तीच कैची मी घेतली की कापायची. मी स्क्रू बघितला, लाईन म्हणजे आतली ती चकाकणारी रेघ बघितली, सगळं ठीक. मग लक्षात आलं की उजव्या हाताची कैची उजव्या हातात असते तेव्हा अंगठा आपोआप बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात, त्याने पाती जवळ येतात. तीच डाव्या हातात घेतली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून लांब नेतो. डावऱ्याची खरी कैची वेगळी असते, पाती उलटी बसवलेली, नुसती रिंग बदलून चालत नाही. सुरतहून मागवून दिली त्याला. आता तो सुरतलाच आहे, स्वतःच्या दुकानात, कैची घेऊन गेला, मी मागितली पण नाही, इथे कुणाच्या कामाची होती ती.

दुसरी गोष्ट ते रबराचं बटण. दोन रिंगांच्या मधे छोटं रबर असतं, कैची मिटताना टक आवाज येऊ नये म्हणून आहे असं लोकांना वाटतं. त्याचं खरं काम म्हणजे पाती योग्य जागी थांबवणं. ते झिजलं किंवा पडलं की टोकं एकमेकांना ओलांडून पुढे जातात, आणि कानामागे काम करताना बाहेर आलेलं टोक कस्टमरला लागतं. काही रुपयांची वस्तू आहे. मिळेपर्यंत सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा घालून काम भागवणारे कारागीर मी पाहिलेत आणि खरं सांगू तर ते काही वाईट भागत नाही.

तिसरी गोष्ट तेल, आणि त्या बाबतीत मात्र माझं कुणाशी जमत नाही. सलून म्हटलं की खोबरेल तेल हाताशी असतंच, पोरं तेच स्क्रूवर सोडतात. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आमच्याकडे स्वेटर घालून दुकान उघडावं लागतं, तेव्हा स्क्रूमधलं तेल तूप झालेलं असतं, कैची जड चालते, पोरगा स्क्रू ढिला करतो, आणि दुपारी ऊन पडल्यावर तेल पातळ झालं की तीच कैची लडबडते. मग धार गेली! खाण्याचं तेल तर त्याहून वाईट, ते काही दिवसांनी चिकट होऊन केस धरून ठेवतं. शिलाई मशिनचं पातळ तेल, एक थेंब, रात्री काम संपल्यावर, कैची उघडी धरून स्क्रूच्या सांध्यात, दहा-बारा वेळा उघडझाप, आणि जे काळं बाहेर येईल ते मऊ फडक्याने पुसून टाकायचं. ते काळं म्हणजे केस, घाम आणि पोलादाची भुकटी. पुसताना फडकं पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यायचं, धारेच्या लांबीने ओढायचं नाही, नाहीतर फडकं आणि बोट दोन्ही कापून घ्यायचं.

चौथी गोष्ट पुसणं. एप्रिल-मेमधे तेलाइतकाच पुसण्याचा नियम कडक. आमचा उन्हाळा काय असतो ते खान्देशात राहिलेल्याला सांगायला नको, लाईट गेली की कापणाऱ्याच्या कपाळावरचा घाम थेट पात्यावर पडतो. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं नाही, उशिरा गंजतं एवढंच, घामातलं मीठ आणि जंतुनाशक म्हणून बादलीत कालवलेलं ब्लीच या दोन गोष्टी त्याला पण खातात. कोविडनंतर जी स्वच्छतेची सवय लागली ती चांगलीच, पण कैची रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवणारे निघाले आणि सकाळी स्क्रूपाशी तपकिरी ठिपके. स्पिरिटने पुसा, कोरडी करा, तेल सोडा, मिटवून ठेवा.

आणि उसनी द्यायची नाही. सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या घोड्यांच्या यात्रेला जाणारा एक ओळखीचा माणूस दरवर्षी दुकानात डोकावतो, आयाळ सारखी करायला 'एखादी जुनी कैची' पाहिजे म्हणून. त्याच्यासाठी मी आबांच्या वेळची एक वेगळी ठेवली आहे. घोड्यांचा मान मोठा, पण माझी कॉन्व्हेक्स नाही. घरात पण तेच, दुधाच्या पिशवीला कैची लागली की कोणती घ्यायची नाही हे लहान पोरांना पण माहिती आहे.

एवढं सगळं केल्यावर पण एक दिवस येतो की खरंच धार लावावी लागते. आमच्याकडे याची सोय नव्हती. धुळे, जळगाव करून बघितलं, पुण्या-मुंबईला कुरियरने पाठवून बघितली, महिना महिना कैची परत यायची नाही. मग एक जण सापडला, इथलाच, शेती पुरत नाही म्हणून तरुणपणी सुरतला गेलेला आणि हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बरीच वर्षं काढलेला. ते चाक आडवं फिरतं, सपाट तबकडी, तिच्यावर हिरा वरून टेकवायचा. हिऱ्याच्या कामात मंदी आली तसा तो गावी परत आला, कुठूनतरी कैच्यांना धार लावायचं मशिन घेतलं, आणि गंमत बघा, कॉन्व्हेक्स कैचीचं ते मशिन पण आडव्या तबकडीचंच. त्याच्या हाताला काही नवीन शिकवावं लागलं नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने कैची हातात घेऊन आधी स्क्रू काढला. धारवाला स्क्रू काढतो की नाही इथेच अर्धा निकाल लागतो, पाती वेगळी न करता आतली लाईन नीट घासताच येत नाही. मग पाती साफ केली, भिंगाखाली बघितली, एक खाच दाखवली जी मला माहीत नव्हती. बाहेरच्या फुगवट्याला तो पाण्याखाली, हलक्या हाताने, मनगट फिरवत फिरवत धरतो म्हणजे कोपरा पडत नाही, आधी जरा खरबरीत तबकडी, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी चामड्यावर. आतल्या बाजूला मशिन नाहीच. सपाट पाण्याचा दगड, त्याच्यावर पातं पूर्ण पालथं ठेवून अगदी थोडे फेरे. मी म्हटलं जरा जास्त घास की, तर म्हणाला, "दादा, तुम्ही म्हनशात तरी नही. लाईन रुंद व्हयनी तर कैची जड चालीन, मंग मालेच शिव्या देशात." मला तिथे त्याच्यावर विश्वास बसला. जोडल्यावर टेन्शन लावलं, टोकं जुळवली, बाक बघितला, एका पात्याला लाकडावर ठेवून हलकेच दोनदा ठोकलं, आणि ओल्या टिश्यूवर स्क्रूपासून टोकापर्यंत एकच काप. पाण्याने भिजलेला टिश्यू सरळ रेषेत दोन झाला, टोकाला एक धागा पण नाही राहिला.

पैसे तो रस्त्यावरच्या माणसाच्या कितीतरी पट घेतो आणि गावातले निम्मे दुकानदार त्यावरून नाक मुरडतात. खुर्चीच्या रेक्झिनवर, भिंतीच्या पॅनलवर हजारो घालतील, कैचीच्या धारेला पाचशेची नोट काढताना हात खिशातच अडकतो. पण हिशेब करा, प्रत्येक धारेला पात्याचं थोडं पोलाद जातंच, कितीही चांगला कारागीर असला तरी. कैचीच्या आयुष्यात धारा मोजक्याच. रोज पुसलेली, तेल दिलेली, टेन्शन बघितलेली, धुतलेल्या केसाला लावलेली कैची वर्षभर धार मागत नाही, आणि तशीच्या तशी वापरली तर दर दोन-तीन महिन्याला धारवाल्याच्या दारात उभी. म्हणजे तेवढ्या पटीने लवकर संपली.

खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पाटावर मांडतो, सेना महाराजांच्या फोटोपुढे. तिथे आबांची मीरतची पण असते, तिचं पातं आता मूळच्या निम्म्याच रुंदीचं राहिलंय. आबांनी पण दगडावर घासूनच ती तेवढी केली, ते काही जादूगार नव्हते. फक्त तेवढी व्हायला त्यांना सगळी उमर लागली.

त्या हिरेवाल्याशी माझा सध्या एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे, थिनिंगच्या कैचीवरून. केस विरळ करायची ती, एका बाजूला दाते असलेली. माझं म्हणणं की धार फक्त साध्या पात्याला लावायची, दात्यांच्या टोकाला ज्या बारीक खाचा असतात केस धरायला, त्यांना हात लावला तर केस घसरणार. तो म्हणतो की दाते पण त्यांच्या वरून किंचित झिजलेत, हिऱ्याचं काम केलेल्या माणसाला एवढं बारीक काम जड नाही, मी एक एक दाता सारखा करून देतो. हात त्याचा आहे हे मला मान्य, पण कंपनीची खाच ती खाच. शेवटी असं ठरलंय की माझ्याकडची एक जुनी, जिचे दोन दाते आधीच मोडलेत, ती त्याला द्यायची, लग्नसराई संपल्यावर. कापली तर पुढची देईन, नाही कापली तर चहा त्याचा.